ऑक्टोपॅड आणि साधा लॅपटॉप आहे, घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक ट्रॅक रेकॉर्ड होईल का?

पॅडवाला_गुहागर

नमस्कार मंडळी. मी गावच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो, हळदी, लग्न, गणपती असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. पॅड एसपीडी-२० आहे, जुना आहे पण एकदम ठणठणीत. घरी विंडोजचा लॅपटॉप आहे, आय३ आणि ८ जीबी रॅम.

डोक्यात बरेच दिवस एक ट्रॅक घोळतोय. शिमग्याला पालखी नाचवताना आमच्याकडे जो ढोल वाजतो ना, तो ठेका, त्याच्याखाली जाड सिंथचा (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) बेस आणि वर सनईसारखी एक सुरावट. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसतं म्युझिक. बेस आणि सुरावट लॅपटॉपमधल्या वाद्यांवर करायचीय.

ओळखीतल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला आधी ऑडिओ इंटरफेस घे, मिडी कीबोर्ड घे, स्टुडिओ स्पीकर घे, ४०-५० हजार तयार ठेव. तेवढे आत्ता नाहीत. तर प्रश्न असे की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, पॅड लॅपटॉपला कसा जोडू, आणि ढोलाचा आवाज कुठून आणू, कारण नेटवर इंडियन ढोल म्हणून जे मिळतं ते ऐकलं, ते भांगड्याचं आहे, आमच्या ढोलाचा त्यात वासही नाही. कीबोर्ड मला जेमतेम येतो, सारेगम शोधून वाजवतो इतकंच.

तारसप्तक

भावा, ते ४०-५० हजार विसर. तुझ्याकडे जे आहे त्यात हा ट्रॅक पूर्ण होतो, फक्त एक यूएसबी-मिडी केबल लागेल आणि एक वायरवाला हेडफोन. ब्लूटूथवाला चालणार नाही, त्यात आवाज इतका उशिरा येतो की ठेका धरताच येत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा. मिडीने पॅड जोडलास की लॅपटॉपमध्ये आवाज जातच नाही. जाते ती नुसती माहिती, कुठली नोट वाजली, किती जोरात वाजली, कधी वाजली. नोटला ० ते १२७ पर्यंत नंबर, जोराला १ ते १२७, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. ही माहिती सॉफ्टवेअरमधल्या वाद्याला मिळते आणि आवाज ते वाद्य काढतं. म्हणजे तू रेकॉर्ड करतोस ते वाजवणं, आवाज नंतर पाहिजे तो लाव. आज बेसला जो आवाज दिलास तो महिन्याने आवडला नाही तर वाद्य बदल, परत वाजवायची गरज नाही. टेम्पो वाढवला तर आवाज चिरका होत नाही, एखादी नोट चुकली तर माऊसने उचलून जागेवर ठेवता येते. कीबोर्ड जेमतेम येणाऱ्या माणसासाठी तर हे फारच मोलाचं आहे, कारण सुरावट तू अर्ध्या टेम्पोत वाजवून रेकॉर्ड करू शकतोस आणि मग टेम्पो दुप्पट करायचा.

आणि पॅड जुना आहे याची अजिबात चिंता करू नको. मिडी १९८३ मध्ये आलं आणि तोच पाच पिनांचा सॉकेट तुझ्या पॅडच्या मागे आहे, चाळीस वर्षांत ती भाषा बदललेली नाही. एसपीडी-२० ला यूएसबी नाही म्हणून केबल घ्यायची. केबलला दोन तोंडं असतात, इन लिहिलेलं तोंड बहुतेक वेळा पॅडच्या मिडी आउटमध्ये जातं. नाही चाललं तर उलटं करून बघ, काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअर रीपर घे. डाउनलोड अगदी लहान आहे, जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं, ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. उघडलंस की प्रेफरन्सेसमध्ये मिडीचं पान आहे, तिथे केबलचं नाव दिसेल, त्याचं इनपुट इनेबल कर. मग मेनूतून नवीन ट्रॅकवर व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट टाक, ट्रॅक आर्म कर म्हणजे लाल बटण, आणि पॅडवर मार. मीटर हललं की पाऊण काम झालं.

सिंथसाठी सर्ज एक्सटी. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, आय३ वर नीट चालतो. व्हायटलची पण फुकट आवृत्ती आहे आणि दिसायला फार सुंदर आहे, वेव्ह कशी बदलते ते डोळ्यांना दिसतं, पण तुझ्या लॅपटॉपला जड जाईल असं वाटतं. ऐंशीच्या दशकातल्या डीएक्स७ सिंथचा काचेसारखा आवाज हवा असेल तर डेक्स्ड आहे, तोही फुकट. पण माझं ऐक, सुरुवातीला एकच सिंथ ठेव. वीस प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं) टाकून प्रीसेट (तयार आवाज) बदलत बसणारी पोरं मी बघितलीत, वर्ष जातं आणि एक ट्रॅक पूर्ण होत नाही. आणि कोणी पेनड्राइव्हवर क्रॅक आणून दिलं तर घेऊ नको, बरोबर व्हायरस येतो आणि चांगलं फुकट मिळतंय तर त्याची गरजच काय.

नवे_कान

इतकं सगळं कशाला, मोबाईलवर बँडलॅब टाका आणि सुरू करा की. नाहीतर एफएल स्टुडिओ, सगळे तेच वापरतात, ट्रायल फुकट आहे.

तारसप्तक

बँडलॅब चांगलं आहे, कल्पना सुचली की पटकन धरून ठेवायला उत्तम. एफएल पण चांगलं आहे आणि एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट. पण त्याच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतं, पुन्हा उघडता येत नाही, विकत घेईपर्यंत. यांना रात्री कार्यक्रमावरून आल्यावर थोडं थोडं काम करायचं असणार, त्यांना रोज उघडता यायला हवं.

मध्यलय

गुहागरकर, तुमचा ढोलाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून त्याच्यावरच लिहिते. मी तबला शिकवते आणि घरी असंच थोडंफार रेकॉर्डिंग करते.

तुमच्या गावचा ढोल कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही, तो तुम्हालाच रेकॉर्ड करावा लागेल आणि ते मोबाईलवर होतं. रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात वेव्ह फाइल मिळते. ढोल अंगणात किंवा मोकळ्या जागेत ठेवा, भिंतीजवळ नको, गाड्या आणि पाखरं शांत असतील अशी वेळ बघा. मोबाईल ढोलापासून आठ-दहा फुटांवर ठेवा, जवळ धरलात तर जोराचा घाव फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. मग ठेका वाजवायचा नाही. एक घाव, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. जाड बाजूचे घाव हळू, मध्यम, जोरात असे प्रत्येकी चार-पाच, तसेच पातळ बाजूचे, मग काठावर काठीचा, मग हाताने दाबून मारलेला. पालखीला जो माणूस वाजवतो त्यालाच वाजवायला सांगा, हाताचं वजन आवाजात येतं. फाइल लॅपटॉपवर केबलने घ्या, व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलीत तर ती दाबली जाते.

रीपरमध्ये रीसँपलओमॅटिक५००० नावाचा सँपलर, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज नोटवर वाजवणारं वाद्य, आधीच असतो, नाव अवघड आहे पण वापरायला एकदम सोपा. एका घावाला एक सँपलर. फाइल त्यात ओढून टाका आणि नोट स्टार्ट आणि नोट एंड या दोन्ही ठिकाणी तोच नंबर द्या जो तुमचा पॅड पाठवतो, म्हणजे त्या पॅडवर मारलं की तोच घाव वाजेल. फाइल कापताना मात्र जीव ओतून कापा. घावाच्या आधी केसाएवढी जरी शांतता राहिली तरी सगळा ठेका ओढल्यासारखा लागतो. झूम करून लाट जिथे उठते बरोबर तिथे कापायचं. शेपटी मात्र पूर्ण ठेवा, ढोलाची सगळी शान त्या घुमण्यात असते.

आता लयीचं. सॉफ्टवेअर उघडल्या उघडल्या १२० टेम्पो आणि चार-चारचं माप समोर येतं आणि बहुतेक जण त्यातच वाजवायला लागतात. तुम्ही आधी क्लिक (सॉफ्टवेअरची मात्रांची टिकटिक) बंद करून मनातला ठेका वाजवा, मग त्याचा टेम्पो काढा. केरवा असेल तर चार-चारमध्ये बसतो, दादऱ्याच्या अंगाचं असेल तर सहा-आठचं माप लावा, रूपकासारखं सात मात्रांचं काही असेल तर सात-आठ किंवा सात-चार. माप चुकीचं असलं तर क्लिकचा जोर भलत्याच मात्रेवर पडतो आणि चांगला वाजवणाराही गोंधळतो.

आणि क्वांटाइझ जपून. त्या बटणाने सगळे घाव रेघेवर जाऊन बसतात आणि ढोल मशीनचा वाटायला लागतो. रीपरमध्ये त्याला किती टक्के ओढायचं ते ठरवता येतं, साधारण ५० ते ६० वर ठेवा. माझा अनुभव असा की बेस पूर्ण रेघेवर ठेवला आणि ढोल थोडा मोकळा ठेवला तर दोन्ही एकमेकांना उठून दिसतात, तुमच्या ट्रॅकला तर हे नक्की शोभेल.

पॅडवाला_गुहागर

तारसप्तक दादा, मध्यलय ताई, किती मनापासून लिहिलंत, खरंच आभार. केबल आली, रीपर टाकलं, पॅड ओळखला गेला आणि सर्ज पहिल्यांदा वाजला तेव्हा घरातले सगळे गोळा झाले. ढोल पण रेकॉर्ड केला, आमच्या वाडीतल्या तात्यांनी वाजवला, त्यांनाच पालखीचा मान असतो.

आता तीन अडचणी आहेत. एक म्हणजे मारल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, बोलायला थोडासाच आहे पण पॅड वाजवणाऱ्याला तो फार लागतो, आणि सेटिंगमध्ये बफर कमी केला तर आवाजात करकर येते. दुसरं, एका पॅडवर जोरात मारलं की शेजारच्या पॅडचीही बारीक नोट रेकॉर्ड होते. तिसरं, एका व्हिडिओत सांगितलं की किक सी१ वर असतो पण माझ्याकडे तीच नोट सी२ दाखवतंय, मग माझं काही चुकलंय का?

तारसप्तक

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते सगळ्यात सोपं आहे. काही चुकलेलं नाही. किकची नोट ३६ नंबरची, हे सगळीकडे सारखं. पण त्या ३६ ला कोणी सी१ म्हणतं, रीपर सी२ म्हणतं आणि एफएल स्टुडिओ सी३. मधला सा म्हणजे ६० नंबर कुठल्या सप्तकात धरायचा हे कंपन्यांनी आपापलं ठरवलं. तू नावाकडे बघूच नको, नंबर बघ. किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा ४६, एवढे पाठ झाले की पुष्कळ झालं.

शेजारच्या नोटा सॉफ्टवेअरच्या नाहीत, पॅडचंच कंपन आहे ते. पॅडच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवून बघ. तरी राहिल्या तर रेकॉर्ड झाल्यावर मिडी एडिटर उघड, खालच्या पट्टीत व्हेलॉसिटीच्या काड्या दिसतात, खऱ्या घावांच्या काड्या उंच आणि या अगदी बुटक्या. त्या निवडून डिलीट कर. पण सगळ्या बुटक्या सरसकट काढू नको, तू मुद्दाम हळू मारलेले घाव पण त्यातच असतात, ऐकून काढ.

आता उशिराचं. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून बाहेर सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४१०० च्या सँपल रेटला ५१२ चा बफर म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे तीनच्या आत. यात ड्रायव्हरचा (लॅपटॉपचा आवाज चालवणारा प्रोग्राम) उशीर वेगळा मिळतो, आणि विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरचा तो बराच असतो. म्हणून एएसआयओ४ऑल नावाचा ड्रायव्हर टाक, फुकट आहे, रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसमध्ये तो निवड आणि बफर २५६ पासून सुरू कर. करकर येते म्हणजे प्रोसेसरला त्या वेळात आवाज तयार करता येत नाहीये. रेकॉर्ड करताना ब्राउझर बंद, वायफाय बंद, लॅपटॉप चार्जरवर आणि पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सला. बाकीचे सिंथचे ट्रॅक फ्रीझ कर, म्हणजे रीपर त्यांचा आवाज एकदा काढून ठेवतो आणि प्रोसेसर मोकळा होतो, पाहिजे तेव्हा अनफ्रीझ करता येतं. मिक्सिंगच्या वेळी बफर १०२४ ला नेला तरी चालतो कारण तेव्हा तू वाजवत नसतोस.

आणि तुझ्यासाठी याहून सरळ मार्ग आहे. रेकॉर्ड करताना लॅपटॉपमधला ढोल ऐकूच नको! पॅडचा स्वतःचा आवाज पॅडच्याच हेडफोन जॅकमधून ऐक, त्यात उशीर जाणवतच नाही. पॅडच्या मागे मिक्स इन नावाचा जॅक बघ, त्यात लॅपटॉपच्या हेडफोनची वायर लावलीस की क्लिक आणि बेस पण त्याच हेडफोनमध्ये येतात. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटर (वाजवताना लॅपटॉपमधून ऐकू येणं) बंद ठेव. वाजवून झाल्यावर प्ले केलंस की तात्यांचा ढोल वाजेल, बरोबर तू मारलंस तिथे.

३०३_ठाणे

मी बेसबद्दल लिहितो, माझा जीव त्यातच आहे.

१९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी जुपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन या तीन रोलँड मशीन घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर रागांची एक अख्खी रेकॉर्ड केली होती. शिकागोमध्ये ३०३ चा तो चिवचिवणारा बेस घेऊन जे ॲसिड हाऊस नावाचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत झालं ते त्याच्या काही वर्षांनंतरचं. मला त्यातली भारी गोष्ट ही वाटते की ३०३ मधली स्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, त्यांनी मींडेसारखी वापरली. तुमच्या पालखीच्या ट्रॅकला तोच बेस लागेल असं मला वाचल्यापासून वाटतंय.

सर्जमध्ये तो असा करा. ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग) एकच, सॉ वेव्ह. फिल्टर लो पास (वरचे आवाज कापणारा) २४ डीबीचा, कटऑफ (जिथून कापायचं ती जागा) बराच खाली, रेझोनन्स (त्या जागेवरचा जोर) अर्ध्याच्या वर. फिल्टरच्या एन्व्हलपचा (नोट वाजल्यापासून फिल्टर कसा उघडतो-मिटतो ते ठरवणारा भाग) सस्टेन, म्हणजे नोट धरलेली असताना टिकणारी पातळी, शून्य करा, डिके, म्हणजे उतरायचा वेळ, लहान ठेवा आणि तो एन्व्हलप फिल्टरवर किती लावायचा ते हळूहळू वाढवत जा, प्रत्येक नोटला जो तोंड उघडल्यासारखा वॉव येतो तो इथून येतो. मग प्ले मोड पॉलीवरून मोनो एफपी वर न्या आणि पोर्टामेंटो (सूर घसरायचा वेळ) थोडा वाढवा. एफपी मध्ये सूर तेव्हाच घसरतो जेव्हा आधीची नोट सुटायच्या आत पुढची येते. म्हणजे मिडी एडिटरमध्ये जिथे दोन नोटा एकमेकींवर थोड्या चढवाल तिथे मींड, जिथे फट ठेवाल तिथे सुटे सूर. हे कीबोर्ड न येताही नुसतं माऊसने काढता येतं, आणि खरं सांगायचं तर ३०३ वाले सुद्धा बटणांनी नोटा भरूनच हे करायचे. सोळा घरांचा एक तुकडा करा, त्यात चार-पाचच सूर, तो फिरत ठेवा आणि कटऑफ हाताने फिरवत ऑटोमेशन, म्हणजे ते फिरवणंच, रेकॉर्ड करा. ट्रॅक पुढे सरकतोय असं जे वाटतं ते त्या कटऑफमुळे.

सनईच्या सुरावटीसाठी पिच बेंड (वाजत असलेला सूर वरखाली वाकवणं) लागेल. त्याची रेंज बहुतेक सिंथमध्ये वरखाली दोन स्वर, म्हणजे सेमीटोन, एवढीच असते, मोठ्या मींडेला ती पुरत नाही. सर्जमध्ये ती १२ करा आणि एडिटरच्या खालच्या पट्टीत बेंड पेन्सिलने काढा, तिरकी रेघ नको, शेवटी हळू होणारा वळसा काढा.

एक महत्त्वाचं, ढोलाची जाड बाजू आणि हा बेस दोन्ही खालच्या पट्ट्यात भांडतात. जिथे ढोलाचा मोठा घाव आहे तिथे बेसची नोट काढूनच टाका, ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारी सोय) लावत बसण्यापेक्षा हे फार स्वच्छ ऐकू येतं. मास्टरचं मीटर लाल होऊ देऊ नका, सगळ्यात जोराचा घाव -६ डीबीच्या आसपास राहिला की बरं. शेवटी २४ बिटची वेव्ह काढा, एमपी३ त्यावरून कधीही करता येते.

पॅडवाला_गुहागर

बेस जमला!! फट आणि चढवलेली नोट हे कळल्यावर रात्रभर तेच करत बसलो. उशीर पण गेला, मिक्स इनवाली आयडिया एकदम बरोबर बसली. करकर अजून कधीतरी येते पण फ्रीझ केल्यावर थांबते.

आता नवीन झालंय. ट्रॅक ऐकवला तर आमच्या पार्टीतले सनईवाले काका म्हणाले वरची सुरावट मी खरी सनई वाजवून देतो. पण मी सगळं पांढरी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा) केलंय आणि त्यांची सनई काळी चारची (चौथ्या काळीवर सा) आहे. आता सगळं परत करायचं का?

मध्यलय

अहो वा, खरी सनई मिळत असेल तर बाकी सगळं तिच्यासाठी हलवा, आणि परत काहीच करायचं नाहीये. बेसच्या मिडी नोटा सगळ्या निवडा आणि चार सेमीटोन खाली न्या, पांढरी एकची काळी चार झाली. आठ वर नेलं तरी काळी चारच होते पण बेस पातळ होईल, म्हणून खालीच न्या. तुमच्या सिंथच्या सुरावटीलाही तेच करा, काकांना ऐकून वाजवायला ती लागेल, नंतर म्यूट करा. ढोलाच्या ट्रॅकला मात्र अजिबात हात लावू नका. सिलेक्ट ऑल करताना तो पण येतो, आणि तिथली ३६ नंबरची नोट ३२ झाली की सँपलर गप्प बसेल, कारण ३२ वर तुम्ही काहीच ठेवलेलं नाही.

आणि काका आले की आधी त्यांचा नुसता सा रेकॉर्ड करा. सनई मशीनच्या काळी चारला तंतोतंत लागेलच असं नाही, थोडी वर किंवा खाली असते आणि त्यांना ती पाहिजे तशी हलवता येत नाही. सर्जमध्ये बेसच्या ऑसिलेटरचा पिच बारीक हलवून त्यांच्या साशी मिळवा, दोन्ही एकत्र वाजताना जी डुगडुग ऐकू येते ती थांबेपर्यंत. मग मोबाईल त्यांच्यापासून चार-पाच फुटांवर ठेवा, समोर नको, थोडा बाजूला. त्यांना बेस आणि ढोल हेडफोनमध्येच द्या, स्पीकरवर लावलात तर तोही सनईच्या फाइलमध्ये येईल.